धाकट्या बाईसाहेबांचे उसासे

आम्ही काम करतो त्या जुन्या हवेलीत दर वसंतात लोकांसाठी दोन फेऱ्या निघतात. निसर्गाची मी काढते, इतिहासाची माझे धाकटे दीर. त्यांना सगळे सनावळी म्हणतात, कारण सन सांगितल्याशिवाय ते पाणीसुद्धा मागत नाहीत. माझी फेरी उत्तरेकडच्या धुराड्याखाली संपते, त्यांची तिथेच सुरू होते. त्या धुराड्यात गव्हाणी घुबडांचे घरटे आहे. भूक लागली की पिल्ले घशातून लांबलचक खरखर काढतात. दिरांच्या फेरीत तेच आवाज म्हणजे धाकट्या बाईसाहेबांचे उसासे. प्रेमभंगानंतर त्या तिथल्या खिडकीत झुरून गेल्या म्हणे.

"भाऊजी, हे उसासे नाहीत. फार तर घोरणं म्हणा," मी एकदा म्हणाले होते.

"वहिनी, घोरणाऱ्या भुताला तिकीट काढून कोण येईल?"

या वर्षी व्यवस्थापकांनी धुराड्याला जाळी ठोकायचे ठरवले. नव्या पायऱ्यांवर विष्ठा पडत होती. पिल्लांना अजून उडता येत नव्हते. आईबाप बाहेर अडकले असते आणि पिल्ले आत उपाशी मेली असती. मी हे सांगायला गेले.

"त्यांना दुसरीकडे जायला सांगता येत नाही का?" व्यवस्थापकांनी विचारले.

"मी सांगून पाहीन, पण ती माझं ऐकत नाहीत," मी म्हणाले.

जाळीवाला दुपारी येणार होता. त्याला परत पाठवू शकेल अशी एकच व्यक्ती होती: मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आत्याबाई, हवेलीच्या मालक घराण्यातल्या शेवटच्या. पण पायऱ्यांवर घाण होते एवढे ऐकूनच त्यांनी जाळीला होकार दिला होता.

त्याच सकाळी फाटकावर हंगामाचा फलक लागला. छापणाऱ्याने चित्रांची अदलाबदल केली होती. घुबडाखाली लिहिले होते, "रूपाची कीर्ती दूरवर. आयुष्यभर याच खिडकीत उसासे टाकले." आणि धाकट्या बाईसाहेबांच्या तैलचित्राखाली, "मादी. नरापेक्षा अंगाने थोडी मोठी. दिवसा झोपते, रात्री हिंडते. मान पार मागे वळवते. उंदीर अख्खा गिळते."

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. "तुम्ही दोघं आत्ताच्या आत्ता जाऊन आत्याबाईंची माफी मागा," ते म्हणाले, आणि स्वतः फलक घेऊन आमच्या मागे लपत आले.

आत्याबाईंनी चष्मा लावून फलक दोनदा वाचला.

"हे गिळण्याचं कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले. "पण बाईसाहेबांबद्दल नाही."

"त्यांच्याबद्दलच आहे. माझी पणजी होती ती. नवऱ्याला, दिराला आणि अर्ध्या जमिनीला गिळून बसली. ढेकरही दिला नाही."

सनावळींनी घसा खाकरला. "पण प्रेमभंग, आत्याबाई..."

"कसला भंग? आणि उसासे कुठून आणलेस रे? घोरायची ती. माझे वडील सांगायचे, दोन खोल्या पलीकडे आवाज जायचा." त्या माझ्याकडे वळल्या. "धुराड्यात काय ऐकू येतं गं?"

दीर माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण प्रश्न फक्त आवाजाचा होता.

"घोरणं," मी म्हणाले.

"अजूनही?"

"रोज. जाळी ठोकली तर मात्र थांबेल."

आत्याबाईंनी व्यवस्थापकांना बोटाने पुढे बोलावले. "माझ्या पणजीला कोंडणारे तुम्ही कोण?"

जाळीवाला शिडीसकट परत गेला. फलक होता तसाच फाटकावर चढला, तोही आत्याबाईंच्या हुकमावरून. माझ्या फेरीत लोक विचारू लागले, घुबड कोणतं आणि बाईसाहेब कोणत्या. मी सांगायचे, बाकदार चोच असेल ते घुबड. तैलचित्र नीट पाहिलेले लोक तरीही घोटाळ्यात पडायचे.

दिरांनी नाइलाजाने उसासे सोडले आणि घोरणे धरले. त्यांच्या फेरीला दुप्पट गर्दी झाली. मग पिल्लांना पंख फुटले, ती उडून गेली आणि धुराडे गप्प झाले. हंगाम अजून अर्धा बाकी होता.

"वहिनी, आता भूत कुठून आणू?"

"पुढच्या वेळी अंडी फुटली की येईल."

"आणि तोवर?"

"तोवर दुपारचे तुम्हीच तिथे आडवे व्हा, भाऊजी. तुमचे दादा सांगतात, आवाज दोन खोल्या पलीकडे जातो."