चार कुंड्या, एक चाळणी आणि मी

मी एक जुनी झारी आहे, मित्रांनो, आणि माझ्या हातून एका माणसाचा डोळा गेला आहे. उगाच घाबरवायला सांगत नाही. छत्रीची, फळ्याची, पेनाची आत्मवृत्तं तुम्ही ऐकली असतील, ती गोड असतात. माझं तसं नाही. मी पत्र्याची आहे आणि मला गुळमुळीत बोलता येत नाही.

माझा जन्मच मारातून झाला. टिलबर्ग शहरातल्या एका पत्रेवाल्या म्हाताऱ्यानं मला हातोडीनं ठोकठोक ठोकलं, कडा दुमडल्या, तोटी डागली आणि उकळत्या जस्तात बुडवून काढलं. काय तो चटका! पण बाहेर आले तेव्हा अशी चमकत होते की पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक मिळालं. माझ्या पोटात दहा लिटर पाणी मावायचं.

मला विकत घेणारी बाई ड्रीस आणि नॉल या दोन भावांची आई. तिला जिरेनियमचं वेड होतं. ती माझ्या तोटीला चाळणी लावायची आणि झाडांच्या डोक्यावरून सपसप पाणी ओतायची. "फुलांना आंघोळ घालते," म्हणायची. सगळी गल्ली तसंच पाणी घालायची आणि जिरेनियम बिचारी ते सोसायची. तिची दोन कार्टी मात्र दिवसभर एकमेकांच्या उरावर बसलेली. धाकट्या नॉलचा पुढचा दात थोरल्या ड्रीसनं माझ्यासमोरच पाडला. कारण काय, तर नॉलनं त्याची सायकल नेली होती. सायकल आईनं दुकानात पाठवली होती, हे नंतर कळलं. ड्रीसचं आयुष्यभर असंच चाललं. आधी हात, मग विचारपूस.

आई गेली आणि मी ड्रीसच्या घरी आले. तोवर तो गवंडी झाला होता. फावड्याएवढे पंजे आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्याची बायको विल्मा. तिला मज्जातंतूंचा आजार जडला होता आणि तीन वर्षं ती चाकाच्या खुर्चीत होती. पायांत गोळे यायचे तेव्हा ती उशी दातांत धरून ओरडायची. औषधाच्या दुकानातलं तेल आणून पाहिलं, ते तिला मानवलं नाही, नुसत्या उलट्या झाल्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ड्रीसनं मागच्या अंगणात पाच कुंड्या मांडल्या. गांजाच्या. दचकू नका. आमच्या देशात पाच झाडांपर्यंत पोलिस काणाडोळा करतात. सहावं ठेवलंत तर पाचही जातात.

त्या झाडांच्या फुलांचं तेल विल्माला लागू पडलं, आणि तेव्हापासून ड्रीसला वेड लागलं. मला पाणी घालायला शिकवलं ते त्यानंच. माझी चाळणी काढून त्यानं खोपटातल्या खिळ्याला टांगली. "या झाडांना आंघोळ नाही," म्हणाला. पिंपातलं पावसाचं पाणी घ्यायचं. कुंडी दोन्ही हातांनी उचलायची. जड लागली तर पुढे जायचं, हलकी लागली तरच पाणी. तेही बुंध्यावर ओतायचं नाही, कडेकडेनं, मातीवर, सावकाश, खालच्या बशीत थेंब येईपर्यंत. बशीतलं पाणी लगेच फेकून द्यायचं, नाहीतर मुळं गुदमरतात. आणि फुलं धरली की त्यांच्यावर थेंबसुद्धा पडता कामा नये. फूल दाट असतं, पाणी आत गेलं की वाळत नाही आणि आतून कुजतं. म्हणून त्यानं कुंड्यांवर प्लास्टिकच्या पत्र्याचं छप्परही घातलं होतं.

एवढं हळुवार पाणी घालणारा माणूस बाकी सगळ्यांशी कसा वागायचा म्हणाल? सकाळी उठला की कात्री घेऊन गोगलगायी कापायचा. एकेक मधोमध, मोजत. पानावरची अळी बोटानं चिरडायचा आणि बोट विजारीला पुसायचा. एकदा नॉलनं आईच्या सवयीनं एका झाडावर वरून पाणी ओतलं, तर ड्रीसनं त्याला मानगुटीला धरून पिंपात बुडवलं. दोन वेळा. नॉल खोकत, ठसकत बाहेर आला.

"अरे, जीव घेतोस की काय?"

"परत वरून ओतलंस तर घेईन."

आणि एका वर्षी चोर आले. रविवारी दुपारी ड्रीस विल्माला घेऊन तिच्या बहिणीकडे गेला होता. परत येतात तो दोन माणसं झाडं कापून गोणीत कोंबत होती. एक गोणी घेऊन पळाला. दुसरा कुंपणावर चढला तेव्हा ड्रीसनं वीट उचलली आणि कुंपण धरलेली त्याची बोटं ठेचली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. तो माणूस पलीकडे पडला आणि रांगत गेला. झाडं मात्र गेली ती गेलीच.

तो हिवाळा मी खोपटात होते, तरी विल्माचं ओरडणं मला भिंतीतून ऐकू यायचं. फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, "ड्रीस, असला आणखी एक हिवाळा मला नको. यापेक्षा मला मारून टाक." तो तसाच उठला. खोपटात आला आणि भिंतीवर मुठी आपटत राहिला, हातांची सालटी निघेपर्यंत. खरं सांगते, त्या दिवशी मला त्याची कीव आली.

म्हणून पुढचं पीक सगळ्यात महत्त्वाचं होतं. पाचांपैकी एक बुटकं झाड जुलैतच पिकलं. त्याचं बोटभर बाटली तेल निघालं. ते सप्टेंबरअखेर संपणार होतं. पुढचा अख्खा हिवाळा उरलेल्या चार कुंड्यांवर होता.

त्या बोटभर बाटलीनं कमाल केली, मित्रांनो. विल्माचे गोळे थांबले. व्यायाम शिकवणारी बाई यायची, तिनं हळूहळू तिला ओट्याला धरून उभं केलं. हे ड्रीसला माहीत नव्हतं. तो तेव्हा दूर झीलंड प्रांतात कामाला होता. सोमवारी जायचा आणि शुक्रवारी दुपारी यायचा. मधले दिवस नॉल सकाळी येऊन विल्माला उठवायचा, पाव-चीज द्यायचा, कुंड्या बघायचा आणि जायचा. ती उभी राहते हे त्यानं पाहिलं होतं, म्हणून विल्मानं त्याच्याकडून वचन घेतलं होतं.

"रविवारपर्यंत तोंड उघडायचं नाही हं, नॉल."

"आणि उघडलं तर?"

"तर तुझा दुसराही दात जाईल, आणि तो मी पाडीन."

रविवारी ड्रीसचा पन्नासावा वाढदिवस होता. आमच्याकडे वाढदिवस नवऱ्याचा असला तरी येणारा प्रत्येक पाहुणा बायकोशीही हात मिळवून अभिनंदन करतो. तीन वर्षं विल्मानं ती अभिनंदनं खुर्चीत बसून, मान वर करून घेतली होती. या वेळी तिला ती दारात उभं राहून घ्यायची होती. अगदी एवढंच तिला हवं होतं.

आता माझ्या पोटातलं खरं सांगते. सोमवारी नॉल गेल्यावर मागचं दार उघडलं आणि विल्मा भिंतीला धरून बाहेर आली. पायांवर! माझा तर विश्वासच बसेना. "तुम्ही मला उभं केलंत," ती झाडांना म्हणाली, "आता पाणी तरी माझ्या हातचं प्या." मी रिकामीसुद्धा तिला जड होते. तिनं मला अर्धंच भरलं, पण तोटीतून धार जोरात आली आणि तिचा तोल गेला. मग तिनं खोपटातून चाळणी काढून मला लावली. पाणी हलकं पडायला लागलं. आणि ड्रीसच्या आईकडे पाहिलं होतं तसं, वरून, फुलांवर. तिला झाडांचं काही ठाऊक नव्हतं हो. तीन वर्षं तिनं ती फक्त काचेतून पाहिली होती. मी पाणी आवरायचा प्रयत्न केला, पण झारीला कुठं आवरता येतं?

शुक्रवार सकाळपर्यंत ती रोज आली. हसत यायची. नॉल सकाळी कुंड्या उचलून बघायचा आणि म्हणायचा, "जड आहेत, पीतच नाहीत हल्ली." गार हवेनं असेल, असं त्याला वाटलं. त्या आठवड्यात त्यानं एक थेंब पाणी घातलं नाही.

शुक्रवारी ड्रीस आला. घरात न जाता थेट कुंड्यांकडे. पहिल्या झाडाच्या शेंड्यात एक पिवळं पान दिसलं. त्यानं ते धरलं, तर ते हात लावताच निघून आलं. त्यानं फूल उकललं. आत करडी बुरशी, पिठासारखी. दुसऱ्या झाडात तीच. तिसऱ्यात, चौथ्यात. तो एकेक फूल फाडत गेला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. माझ्या तोटीला चाळणी होती.

"नॉल! बाहेर ये!"

नॉल त्या दिवशी वाढदिवसाच्या खुर्च्या घेऊन आला होता. "आलास? अरे, आधी कॉफी तरी घे."

"ही चाळणी कोणी लावली?"

नॉलनं माझ्याकडे पाहिलं. ओल्या फरशीकडे पाहिलं. मग घराच्या खिडकीकडे. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्याला कळलं.

"रविवारी सांगतो," तो म्हणाला.

"काय?"

"दोन दिवस थांब ना रे. शपथ घेतली आहे मी. रविवारी सगळं सांगतो."

"माझ्या बायकोचा हिवाळा कुजवलास, आणि मला रविवारी सांगतोस?"

"ड्रीस, मी आठवडाभर थेंबसुद्धा घातला नाही. कुंड्या जड लागत होत्या..."

"मग काय, झारी आपली आपण उठून पाणी घालत होती?"

आणि त्यानं मला उचललं.

माझ्या पोटात चार-पाच लिटर पाणी होतं. पहिला घाव खांद्यावर बसला. नॉल मागे सरकला, हात वर केले, पण उलट मारला नाही. "ऐक, ऐक," एवढंच म्हणत होता. दुसरा घाव तोंडावर. माझ्या बुडाची कड त्याच्या गालाच्या हाडावर आणि डोळ्यावर बसली. मला ते मऊ लागलं. अजून लागतं. तो गुडघ्यावर आला. तिसऱ्या घावाला माझी तोटी त्याच्या डोक्यावर मोडली, आणि पाणी आणि रक्त त्याच्या मानेवरून एकदमच वाहायला लागलं. ड्रीसनं चौथ्यांदा मला वर घेतलं.

"मी घातलं! ड्रीस, पाणी मी घातलं!"

विल्मा दारातून बाहेर आली होती. भिंत सोडून. एक, दोन, तीन, चार पावलं, कशाचाही आधार न घेता. ड्रीस वळला. मी त्याच्या हातात अधांतरी होते. तो तिच्या पायांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, माझ्यावरून त्याच्या मनगटावर ओघळणाऱ्या रक्ताकडे.

"मी रोज येत होते," ती म्हणाली. "तुला रविवारी दाखवायचं होतं. त्यानं मला वचन दिलं होतं, गाढवा!"

मग ती त्याला ओलांडून गेली आणि नॉलशेजारी कोसळली. आपल्या झग्याचा बोळा करून त्याच्या डोळ्यावर दाबून धरला. "उभा काय राहिलास? फोन कर!"

नॉलचा डोळा वाचला नाही. इस्पितळात त्यानं सांगितलं की शिडीवरून पडलो. भावाचं नाव घेतलं नाही. डॉक्टरांचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही. वाढदिवस झाला नाही. चारही झाडं ड्रीसनं कचऱ्याच्या डब्यात घातली. पुढच्या आठवड्यात तेलाची बाटली संपली, आणि ऑक्टोबरात विल्माचे गोळे परत आले. नोव्हेंबरात ती पुन्हा खुर्चीत बसली.

ड्रीसला मला भंगारात टाकायचं होतं. विल्मानं टाकू दिलं नाही. "ती स्वयंपाकघरात राहील," म्हणाली, "तुझ्या खुर्चीसमोर." तेव्हापासून मी खिडकीत आहे, मोडक्या तोटीची, चेपलेली. कोणी मला पाणी भरत नाही, कोणी पुसत नाही. तोटी डागली तर मी अजून वीस वर्षं काम करीन, पण तसं कोण करणार? माझ्याकडे बघायचीच त्यांना चोरी. ड्रीस आता ओरडत नाही. हातसुद्धा टेबलाखाली ठेवून बसतो. नॉल एकदाच आला, विल्माला भेटला, आणि ड्रीसनं पुढे केलेली कॉफी न घेता गेला.

जानेवारीत एका सकाळी विल्मा रात्रभर ओरडून दमली होती. ड्रीस तिचे पाय चोळत खाली बसला होता. तो म्हणाला, "विल्मा, एक मागू?"

"काय?"

"एकदा उभी राहा. मी धरतो तुला. तीन वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो गं. आणि त्या दिवशी तू माझ्यासमोर चालत आलीस, आणि मला काही दिसलंच नाही. मी रक्ताकडे बघत होतो."

विल्मानं पाय त्याच्या हातातून ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पाय हलला नाही.

"दाखवायचं होतं ते दाखवून झालं, ड्रीस," ती म्हणाली.

तो पाय चोळत राहिला.

मित्रांनो, माझं वय झालं, तुमच्याकडे मी फार काही मागत नाही. झाड वाळलं तर मातीत बोट घालून बघा, कुजलं तर फूल उकलून बघा, आणि माणसावर राग आला तर त्याला विचारा. त्यानं रविवारी सांगतो म्हटलं, तर रविवारपर्यंत थांबा. दोन दिवसांनी काही बिघडत नाही. फुलं कुजायची ती कुजलीच होती, पण विल्मा दारात उभी राहिली असती.