दुसरी बॅटरी

"ताईची बॅग कुठंय?" असं बायकोनं विचारलं तेव्हा लिफ्टवाला लॉजच्या पलंगाखाली अर्धा शिरून भिंतीतला प्लग तपासत होता. गाडीतच असेल, असं तो तिथूनच म्हणाला. गाडीत नव्हती. दोघांनी सीटखाली पाहिलं, डिकी धुंडाळली, खोलीत आणून ठेवलेलं सामान पुन्हा हलवलं. धाकट्या मुलाचा कफ ओढायचं विजेवरचं सक्शन मशीन होतं, ते बंद पडलं तर पायानं चालवायचं दुसरं होतं, बॅटऱ्या दोन होत्या, गळ्यात बसवायच्या नळ्यांचा डबा होता आणि हुबेहूब तसाच आणखी एक डबा होता. निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या तर इतक्या होत्या की दुकान टाकायचा विचार आहे का, असं लॉजच्या मालकानं उतरतानाच विचारलं होतं. ताईचा मात्र साधा रुमालही कुठे नव्हता.

ताई दाराशी उभी राहून हा सगळा शोध पाहत होती. दहा वर्षांची पोर, पण चेहरा असा की जणू शेजाऱ्यांचं काही हरवलंय.

"असू दे," ती म्हणाली.

बायको मात्र असू देणाऱ्यातली नव्हती. "मशीनं दोन-दोन आणलीत," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि पोरीची एक बॅग आणवली नाही तुम्हाला."

निघताना बायकोच्या हातात धाकटा होता, सामान लावायचं काम लिफ्टवाल्याचं होतं. ते त्यानं नेहमीसारखंच केलं होतं, प्रत्येक वस्तूला हात लावून. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि लिफ्ट कधी एका दोरावर टांगत नाहीत, हे तो घरी आल्यागेल्याला ऐकवायचा. एक तुटला तर दुसऱ्यानं धरलं पाहिजे. मुलाच्या आजारपणात तर त्यानं या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. बॅगेत लाल रंगाचा पोहायचा पोशाख होता. तो घालून ताई आठवडाभर आरशासमोर हात मारत होती, तेव्हा त्यानंच तिला चिडवलं होतं की आरसा फुटेल आणि घरात पाणी शिरेल. आता तो पोशाख घरी होता आणि समुद्र इथे होता.

धाकट्याला सगळे पहिलवान म्हणत. नाव वॉर्डातल्या नर्सबाईंनी ठेवलेलं. अंगानं काडी, पण डॉक्टरांनी आशा सोडली तरी यानं सोडली नाही म्हणून पहिलवान. त्याची श्वासनलिका जन्मतःच अरुंद होती, म्हणून गळ्याला छेद देऊन नळी बसवलेली होती आणि श्वास तिच्यातून चाले. नळीत कफ अडकला की तो ताबडतोब मशीननं ओढून काढावा लागे. उशीर करून चालतच नसे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोर रडलं तरी आवाज येत नसे. हवा घशापर्यंत पोचायच्या आधीच नळीतून निघून जायची. तोंड वासलेलं, गाल ओले आणि आवाज नाही. रडणं ऐकू येणार नाही म्हटल्यावर ते डोळ्यांनीच पाहावं लागे. म्हणून घराचा एक नियम झाला होता, पहिलवानाकडे पाठ करायची नाही. आणि जवळ दोघं हवीतच, एक गळ्यापाशी, एक मशीनपाशी.

या नियमानं चार वर्षं पोर जगलं. त्याच नियमानं घरातले आवाजही बारीक झाले. नळीतली घरघर ऐकू यावी म्हणून टीव्ही मुका, भांडी हळू, आणि ताईला दिवसातून कितीदा तरी "हळू बोल". पहिलवान यायच्या आधी ती घरभर किंचाळत हिंडायची. मांजरासारखी पायात घोटाळायची म्हणून बाप तिला मनी म्हणायचा. पहिलवान आला आणि ती सगळ्यांची ताई झाली, आईबापांचीसुद्धा. शाळेतल्या कार्यक्रमाला तिच्याबरोबर शेजारच्या काकू जात. दोघांना पहिलवानापाशी थांबणं भागच होतं.

सुट्टी म्हणजे बहुतेकदा इस्पितळाचा बाक. एकदा डोंगरावर जायचं ठरलं, तर अर्ध्या वाटेत पहिलवानाला ताप भरला. गेल्या वर्षी तर गाडी गल्लीच्या तोंडाशीच परत फिरली, कारण दुसरी बॅटरी चार्ज झाली नव्हती. यंदा लिफ्टवाल्यानं कामावरच्या साहेबांची जुनी गाडी मागून आणली, रजा काढली, आणि लॉज असा निवडला की इस्पितळ जवळ, खोली तळमजल्यावर आणि खिडकीतून समुद्र दिसेल. खिडकी त्यानं सगळ्यात शेवटी विचारली होती.

दुकानं दुपारी बंद होती. गावात जाऊन काहीतरी आणतो असं तो म्हणाला, पण बायकोनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. गावात जायचं म्हणजे मशीनपाशी कोण, हे तिला बोलून दाखवावं लागलं नाही. शेवटी त्यानं आपला कामावरचा निळा शर्ट काढून दिला. ताईनं तो चढवला, बाह्या दुमडल्या. शर्ट तिच्या गुडघ्याखाली आला.

"मेकॅनिक दिसतेस," आई म्हणाली.

"समुद्र बंद पडला तर बघेन," ताई म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा घरातली माणसं हसली.

वाळू नळीत जाऊ नये म्हणून पहिलवानाची खुर्ची त्यांनी किनाऱ्यावरच्या दगडी कट्ट्यावर मांडली. गळ्याभोवती पातळ कापड, शेजारी मशीन, बॅटरी. लिफ्टवाला मशीनपाशी बसला, बायको गळ्यापाशी. ताई पाण्याच्या कडेला गेली आणि थांबली. एकटीनं आत जायचं नाही, असं तिला बजावलेलं होतं. घोटे बुडतील इतक्या पाण्यात ती उभी राहिली, हात शर्टाच्या खिशात घालून. इतर पोरं आत उड्या मारत होती. तिनं एकदाही मागे वळून कुणाला हाक मारली नाही.

ते बायकोला बघवेना. "जा तिच्याबरोबर," ती म्हणाली.

"दोघं लागतात इथे."

"मला दोन हात आहेत. आणि लागलंच काही तर शिट्टी मारेन."

बायको दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की कुत्री उठून उभी राहत. लग्न नवं होतं तेव्हा त्याला याची लाज वाटायची. त्यानं मशीन एकदा चालू करून पाहिलं, बंद केलं, बॅटरीची वायर दाबून पाहिली. तरी उठवेना.

"चार वर्षं तिनं काही मागितलं नाही," बायको म्हणाली. "आता तरी उठा."

तो पाण्यात शिरला खरा, पण तिरका, खेकड्यासारखा. एक डोळा लाटेवर आणि एक कट्ट्यावर. ताईचं मनगट त्यानं एका हातात धरलं होतं. दुसरा हात मोकळा ठेवायची सवय होती, तो मोकळाच होता. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं तसा लाटांचा आवाज वाढला, आणि त्याला वाटू लागलं की या आवाजात शिट्टी ऐकू येणार नाही.

"बाबा, तुम्ही मागेच बघताय."

"नाही गं," तो म्हणाला, आणि पुन्हा मागे बघितलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून मनात सलत होतं तेच बोलला. "तुझी बॅग राहिली ती माझी चूक. सगळ्याला हात लावून पाहिलं, तेवढीच कशी राहिली कळत नाही."

ताई पाण्याकडे बघत होती.

"राहिली नाही," ती म्हणाली. "मीच काढली. दाराच्या आत ठेवली."

त्याला आधी काही कळलंच नाही.

"दुसरी बॅटरी बसत नव्हती ना. तुम्ही म्हणालात, ही बसली नाही तर जायचं रद्द. मग तुम्ही दोरी आणायला आत गेलात."

आता त्याला सगळं आठवलं. डिकीशी तो किती वेळ झुंजला होता, चिडून काय बोलला होता, आणि दोरी घेऊन परत आल्यावर बॅटरी कशी अलगद आत गेली होती. वाटभर त्यानं बायकोला ऐकवलं होतं की सामान लावावं तर लिफ्टवाल्यानं, इंचभर जागा वाया जात नाही. मागच्या सीटवर ही बसली होती. ती सगळं ऐकत होती आणि काही बोलली नव्हती.

"लाल पोशाख होता गं त्यात," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"माहितेय. पण नाहीतर तुम्ही परत फिरला असता." तिचा आवाज जरा चढला. "मला समुद्र बघायचा होता."

तिनं हे उपकार केल्यासारखं सांगितलं नाही. रागही फारसा नव्हता. लहान पोरीनं जागेचा हिशेब करावा तसा केला होता आणि त्यात आपलंच सामान कमी पडणार हे तिनं धरूनच चाललं होतं. लिफ्टवाल्याला स्वतःची शरम वाटली. इतके दोर त्यानं बांधले होते, आणि त्यातला एक म्हणून या पोरीवर केव्हापासून भार टाकत आलोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यानं पुन्हा कट्ट्याकडे पाहिलं. पहिलवानाचं तोंड उघडं होतं आणि खांदे हलत होते. इतक्या लांबून त्याचं हसणं आणि रडणं सारखंच दिसे. बायको त्याच्यावर वाकली होती. तिचा चेहरा दिसत नव्हता. लिफ्टवाल्याचा एक पाय आपोआप किनाऱ्याकडे वळला. ताईनं ते पाहिलं आणि आपलं मनगट त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतलं, त्याला जायला सोपं व्हावं म्हणून.

शिट्टी आली नाही. तो ऐकत राहिला. तरी आली नाही.

मग त्यानं समुद्राकडे तोंड केलं. कट्टा, खुर्ची, मशीन सगळं पाठीमागे गेलं आणि पाठ उघडी पडल्यासारखी वाटली.

"मने," तो म्हणाला, "हात दे."

तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग एक हात पुढे केला.

"दोन्ही दे."

दोन्ही हात धरून तो तिला आत घेऊन गेला. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं. मोठी लाट आली, निळा शर्ट फुगून तिच्याभोवती वर आला, तिचे पाय सुटले आणि ती किंचाळली. घसा फोडून, किनाऱ्यावर ऐकू जाईल अशी. त्याच्या तोंडाशी सवयीनं "हळू" आलं होतं, ते त्यानं गिळलं. लाट ओसरली तशी ती हसत, खोकत पुन्हा उभी राहिली आणि पुढची लाट कुठवर आलीय ते बघू लागली.

त्याचे कान शिट्टीकडे होते. मागे मात्र तो वळला नाही.