दोन्या कूका हायवे बघते

सरकारनं हायवेवर कॅमेरे लावले ते गाड्यांची गर्दी बघायला. कुठं ट्रक उलटला, कुठं वाळवंटातलं धुळीचं वादळ रस्त्यावर आलं, ते कळावं म्हणून. ती चित्रं कुणीही फोनवर उघडून बघावीत अशी मोकळी ठेवलीत. फिनिक्सच्या उत्तरेकडचे साहेबलोक ऑफिसला लवकर पोचायला ती बघतात. आम्ही पश्चिमेकडच्या गल्ल्यांतले लोक त्यात पांढऱ्या गाड्या शोधतो. बाहेरदेशातून आलेली माणसं उचलून नेणाऱ्या, इमिग्रेशनवाल्यांच्या.

आमच्या गल्लीत हे काम दोन्या कूकाचं. गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई, म्हणून मानानं दोन्या. गुडघे गेलेले, त्यामुळं घराबाहेर पडणं नाही. सकाळी ती मक्याचं पीठ मळते, पिठाच्या डब्याला जुना टॅब टेकवते आणि एकेक कॅमेरा उघडून बघते. मग आमच्या फोनच्या ग्रुपवर तिचा आवाज येतो. एक्कावन्न नंबरच्या रस्त्यापाशी मोकळं आहे पोरांनो. सत्तावीसपाशी पोलीस उभा आहे, पण तो कुणा गोऱ्याची पावती फाडतोय, घाबरू नका. छपरं घालणारे, हॉटेलात भांडी घासणाऱ्या, साहेबांची झाडं कापणारे, सगळे तो आवाज ऐकल्यावर गाडीची किल्ली फिरवतात. याला या देशात वाहतूक व्यवस्था म्हणतात. आमच्यासाठी तरी हीच.

माझा जन्म इथलाच, मला कोण नेणार? पण माझ्या गाडीत बसणाऱ्यांना नेतात. म्हणून मीही ऐकतो.

त्या दिवशी गाडीत नेरेइदा होती. माझी कोमादरे, मी तिचा कोम्पादरे. तिच्या पोरीला, इत्सेलला, बाप्तिस्म्याला मी हातात धरलं होतं, आणि आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीइतकंच असतं. तिची कोर्टातली शेवटची तारीख होती. नवऱ्याला तिकडं गावात कुणी मारलं, तिला इथं का पळून यावं लागलं, हे ती कित्येक वर्षं कागदांवर सांगत होती, आणि आज जज्जसमोर तोंडानं सांगायचं होतं. त्याला पटलं तर ती पोरीसकट इथं राहणार. नाही पटलं तर पुढं अपील. पण वकीलबाईनं एक गोष्ट तिला दहादा बजावली होती. नाव पुकारतील तेव्हा तू खोलीत नसलीस तर कुणी काही ऐकणार नाही, सरळ देशाबाहेर काढायचा हुकूम होईल.

म्हणून आम्ही भरपूर वेळ हातात ठेवून निघालो होतो. नेरेइदानं चर्चला जायचा निळा झगा घातला होता आणि गाडीतला एसी केसांवर येऊ नये म्हणून जाळी वळवून ठेवली होती. हायवेला लागलो. मोकळा होता. मी तिला म्हणालो, जज्जच्या आधी पोचू, त्याची खुर्ची पुसून ठेवू. ती हसली.

तेवढ्यात दोन्या कूकाचा फोन.

"ताचो, कुठं पोचलास?"

"त्रेचाळीसच्या पुढं, दोन्या."

"उतर. आत्ताच्या आत्ता हायवेवरून खाली उतर. पस्तीसच्या पुलाखाली तीन पांढऱ्या गाड्या आहेत. दिवे लावून उभ्यात. माणसं खाली उतरलीत, अंगात जाकिटं आहेत. गोळी अडवणारी असतात ना, तसली."

मी नेरेइदाकडं बघितलं. म्हणालो, तुझी केस चालू आहे, तुझ्याजवळ कागद आहे, वकीलबाई म्हणाली होती कागद दाखवायचा.

"एलियासजवळ पण कागद होता," ती म्हणाली. "उतर, कोम्पादरे."

एलियास आमच्या कोपऱ्यावरचा न्हावी. त्यानं कागद दाखवला, त्यांनी घडी घालून खिशात टाकला, एलियासला गाडीत टाकलं. त्याच्या बायकोला तो कुठं आहे हे कळायला आठवडा गेला. मी इंडिकेटर दिला. उतरलो.

मॅकडॉवेल रोडनं निघालो. सिग्नलमागून सिग्नल. तरीही पोचलो असतो. पण ग्रँड अ‍ॅव्हेन्यूच्या फाटकावर मालगाडी आली, आणि आली ती थांबली. ती का थांबते हे तिलाच ठाऊक. डब्यावर डबा चढवलेल्या चिनी पेट्या, ना डोकं दिसतंय ना शेपूट. मागं गाड्या लागलेल्या, वळायला जागा नाही. दोन्या कूका फोनवर विचारत राहिली, हललात का, हललात का. फाटकावर कॅमेरा नाही. फाटकं गरिबांच्या वस्तीत असतात, तिथली गर्दी बघायची कुणाला?

वकीलबाईचा फोन आला. जज्जला थोडं थांबायला सांगते म्हणाली. नेरेइदा दार उघडून खाली उतरली. डांबरावर ऊन चढायला लागलं होतं. त्या निळ्या झग्यात ती डब्यांच्या खालून पलीकडं जायची जागा बघत होती. मी तिला दंडाला धरून परत आणून बसवलं. मग मालगाडी हलली.

कोर्टाच्या दारात पट्टा काढा, चपला काढा, पिशवी उलटी करा. ते सगळं झालं. वर गेलो तर वकीलबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिनं उठून नेरेइदाचे दोन्ही हात धरले, तेव्हाच कळलं. जज्जनं नाव पुकारलं होतं, थोडा वेळ थांबला होता, घड्याळ बघितलं होतं आणि पुढचं नाव पुकारलं होतं. हुकूम झाला होता.

केस परत उघडायला अर्ज करता येतो, वकीलबाई म्हणाली. पण उशिराचं कारण द्यावं लागेल. नेरेइदानं कारण सांगितलं. बाई चांगली होती, ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "मालगाडी लिहिते. पांढऱ्या गाड्या लिहिल्या तर विचारतील, कोर्टात येणाऱ्याला भ्यायचं कारणच काय."

कोर्टात येणाऱ्याला भ्यायचं कारण काय. हा प्रश्न त्या इमारतीतला माणूस विचारू शकतो, म्हणूनच तो त्या इमारतीत आहे.

गाडीत बसल्यावर मी चावाला फोन लावला. माझा चुलतभाऊ, हायवेवर कामाला असतो. म्हटलं, सकाळी पस्तीसपाशी कुणाला उचललं का, बातमी काय? फोन गाडीच्या स्पीकरवर होता.

"कुणाला उचलणार? तिथं आम्हीच होतो," चावा म्हणाला. "भेगांत डांबर भरत होतो. तीन गाड्या. का रे, हात केलास का? दिसला नाहीस."

चमकणारी पिवळी जाकिटं. अंगठ्याएवढ्या चित्रात, सकाळचं ऊन समोरून येत असताना, ती कुणालाही कसलीही वाटतील. दोन्या कूकाला वाटायची तीच वाटली. चावा नि त्याच्या टोळीतले निम्मे आमच्याच गल्ल्यांतले, त्यांच्या आया दोन्याकडून मक्याच्या पिठाचे तामाल नेतात.

नेरेइदा खिडकीबाहेर बघत होती. घराकडं वळलो तशी म्हणाली, घरी नको, पत्ता कोर्टाकडं आहे. मग शाळेतून इत्सेलला घेतलं आणि दोन्या कूकाकडं गेलो, कारण तिची मागची खोली रिकामी होती आणि तिचा पत्ता कुणाकडंच नव्हता.

म्हातारी दारात काठीवर उभी होती. हुकूम झाल्याचं मी फोनवर सांगितलं होतं, तेव्हापासून रडत असावी. तिनं नेरेइदाचा चेहरा हातात घेतला.

"तेच होते ना ते? मी नीट बघितलं ना, मिहा, पोरी?"

मी तोंड उघडलं.

"तेच होते, दोन्या," नेरेइदा म्हणाली. "तुम्ही वाचवलंत."

म्हातारीनं छातीवर क्रॉस केला. तारखेचं वकील बघेल म्हणाली, माणूस हातात राहिलं हे महत्त्वाचं. आणि इत्सेलच्या पुढ्यात मक्याची गरम तोर्तिया ठेवली.

मी नेरेइदाला मागच्या अंगणात गाठलं. विचारलं, असं का बोललीस? अंगात दोन्याचा गाऊन घालून ती दोरीवर धुतलेला निळा झगा वाळत घालत होती.

"खरं सांगून माझी तारीख परत येणार आहे?" ती म्हणाली. "आणि उद्या सकाळी टॅबसमोर कुणाला बसवू? तुझ्या बायकोला? ती दहाला उठते."

संध्याकाळी दोन्या कूकानं ग्रुपवर सगळं सांगितलं. पस्तीसखाली तीन गाड्या होत्या, मी बघितल्या, पोर वाचली. सगळ्या गल्लीनं हात जोडले, बदाम पाठवले. कुणी लिहिलं, दोन्याची नजर देवाची नजर. चावाचं काय, तो आमच्या ग्रुपात नाही, तो रोज त्याच हायवेवर उभा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छपराच्या कामावर निघालो होतो. किल्ली फिरवायच्या आधी आवाज आला. सदुसष्टपाशी दोन पांढऱ्या गाड्या, पोरांनो, आणि जाकिटं. कुणी हायवेनं जाऊ नका. आणि तिच्या आवाजाच्या मागं, त्याच स्वयंपाकघरातून, नेरेइदाचा आवाज आला, "अजून एक आहे, दोन्या. पुलाच्या डाव्या हाताला."