जमीला चाचीचा सोफा

प्रतीक्षाचा नंबर लागला त्या दिवशी ती संग्रामपूरच्या नेट कॅफेत अडीच तास बसून होती. साइट उघडायची, अर्धवट फिरायची आणि बंद पडायची. शेवटी कॅफेवाल्यानंच मागून वाकून पाहिलं आणि ओरडला, "लागला न वं बाई! बी.एस्सी. नर्सिंग, बुलढाणा!"

पसंतीक्रमात तिनं तेच कॉलेज पहिलं टाकलं होतं. कॅफेवाल्याचे पैसे आधी द्यावेत की त्याचे आभार आधी मानावेत हे तिला सुचेना. दोन्ही एकदमच करून ती पळत सुटली आणि आपल्या गावच्या, सोनाळ्याच्या बसमध्ये चढली.

घरात तिघंच होती. वडील अविनाश पेंटर. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या, तेव्हापासून ते लोकांची घरं रंगवत. आई वंदना जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी रांधायची. बातमी ऐकून वडिलांनी लेकीच्या डोक्यावर रंगाचा हात ठेवला आणि केसांना पांढरा डाग पडला. आईनं तो पदरानं पुसता पुसता विचारलं, "फी किती हाय वो बाई?"

शिकवणीची फी सरकारी योजनेतून सुटणार होती. पण होस्टेल, मेस, गणवेश आणि पुस्तकं मिळून पहिल्या वर्षाला साठ हजार लागत होते. त्यातल्या वीस हजारांची सोय वडील करू शकत होते. उरलेल्यासाठी प्रतीक्षानं बारावीच्या सरांच्या सांगण्यावरून खामगावच्या एका मंडळाकडे शिष्यवृत्तीचा अर्ज आधीच पाठवला होता. अर्जात घराची माहिती विचारली होती. तिनं खरंखरं लिहिलं होतं : दोन खोल्या, वर टिनं. एक पलंग, एक पंखा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा हात मोडलेला. फ्रीज नाही, कूलर नाही, सोफा नाही.

गुरुवारी मंडळाचा फोन आला. रविवारी दुपारी बारा वाजता अन्नपूर्णा मॅडम घर बघायला येतील, घरी राहा.

"घर पाहाले?" वंदनानं भाजी चिरता चिरता मान वर केली. "आपलं?"

"हाव. त्या आधी घर पाहातात, मंग ठरवतात."

"कोन हायेत त्या?"

"रिटायर हेडमास्तरीन हायेत म्हनते."

 वंदनाची नजर खोलीभर फिरली. पोपडे आलेली भिंत, उसवलेली सतरंजी, मोडक्या हाताची खुर्ची. प्रतीक्षाचं तिकडं लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात कागदपत्रं होती.

रविवारी सकाळीच ती संग्रामपूरला गेली. उत्पन्नाचा दाखला ऑनलाइन आला होता, त्याची प्रिंट काढायची होती आणि सगळ्या कागदांचे चार-चार झेरॉक्स हवे होते. साडेअकराला ती परत आली, आपल्या गल्लीत वळली आणि जागीच थांबली.

त्यांच्या घराची पुढची भिंत लिंबासारखी पिवळीधमक झाली होती. तिला खाली चॉकलेटी पट्टा होता आणि दाराची चौकट गुलाबी होती. तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे उरलेले तीन डबे तिथं एकत्र नांदत होते. दारावर वडिलांच्या सुरेख वळणात 'सुस्वागतम्' लिहिलेलं होतं, आणि वडील स्टुलावर उभे राहून शेवटच्या अक्षराचा पाय मोडत होते.

"बाबा, हे काय?"

"मस्त दिसते नं? हात नोको लावू, ओलं हाय. या हवेत वायतच नाही बाप्पा."

ती आत गेली. आत शेजारच्या जमीला चाचीचा सोफा होता. मरून रंगाचा, तीन माणसांचा. त्यानं अर्धी खोली खाल्ली होती. चुलीकडे जायचं तर आडवं होऊनच सरकावं लागत होतं. समोर काचेची टीपॉय. कोपऱ्यात कूलर, त्यावर प्लास्टिकची फुलं.

"आई! श्रावणात कूलर काहाले?"

"शोभेले," वंदना म्हणाली. ती नवी साडी नेसून शिरा हलवत होती. "जमीलाबाईनंच म्हटलं, घेऊन जाय. तिच्या घरवाल्यानं, गुलाम रसूलभाईनं अन् तुह्या बाबानं दोघाईनंच उचलून आनला."

"आई, अवं मी अर्जात लिवलं हाय, सोफा नाही, कूलर नाही! ते पैसे गरिबाच्या पोट्ट्याईले हायेत. त्या आपली गरिबी पाहाले येऊन राह्यल्या अन् तू—"

वंदनाचा उलथणं धरलेला हात थांबला. तिचा आवाज चढला नाही.

"गरिबी काय पाव्हन्याले दाखवाची वस्तू हाय का वं? घरी मानूस येऊन राह्यलं. त्याले उसवल्या सतरंजीवर बसवू? तुहं शिक्षन व्हाव म्हनून माहं फाटकं बस्कर दाखवू लोकाले?"

 आईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुरामुळं नव्हतं हे दोघींनाही कळत होतं. सोफा उचलून परत न्यायला दोन माणसं लागली असती आणि पंधरा मिनिटं. तिनं घड्याळ पाहिलं. बारा वाजायला दहा कमी. एवढ्यात बाहेरून वडिलांचा आवाज आला, "या, या मॅडम! सांभाळून, भित्तीले—"

उशीर झाला होता. सत्तरीच्या, ठेंगण्या, छत्री घेतलेल्या अन्नपूर्णा मॅडम एसटीतून उतरून चालत आल्या होत्या, आणि चप्पल काढताना आधारासाठी त्यांनी भिंतीवर हात टेकला होता. सगळा पंजा पिवळा झाला. कोपरापर्यंत ब्लाऊजची बाहीसुद्धा.

वडिलांनी कपाळावर हात मारला. "रॉकेल आनतो," म्हणून ते पळाले. प्रतीक्षानं मॅडमना आत आणलं, मोरीवर नेलं, खोबरेल तेल आणि जुन्या कापडानं एक एक बोट पुसून काढलं. मग साबण लावला. मॅडम तिच्या हातांकडे पाहत होत्या.

"सवयीचं दिसतंय."

"बाबाचे हात रोजच पुसा लागते मॅडम."

मॅडम सोफ्यावर बसल्या. त्यांनी चष्मा लावला, पिशवीतून अर्ज काढला, वाचला. मग कूलरकडे पाहिलं, टीपॉयकडे पाहिलं, आणि पुन्हा अर्ज वाचला.

"हा सोफा छान आहे," त्या म्हणाल्या. "नवा घेतलात?"

"हाव," वडील दारातून म्हणाले. त्यांना स्वतःलाच तो शब्द ऐकून धक्का बसल्यासारखं दिसलं. "म्हनजे... नवाच हाय तसा."

 आत्ता गप्प बसलं तर अर्ज खोटा ठरणार होता. बोललं तर आई खोटी ठरणार होती, तेही पाहुण्यासमोर. तिनं आईकडं पाहिलं. वंदना शिऱ्याची बशी घेऊन उभी होती.

"मॅडम," प्रतीक्षा म्हणाली, "सोफा आमचा नाही. कूलर बी नाही. अर्जात लिवलं तेच खरं हाय. तुमी येनार म्हनून आईनं शेजारून आनला. तुमाले फसवाले नाही आनला. तुमाले नीट बसता याव म्हनून आनला. आमच्या घरी कोनी आलं का आई अशीच करते. मायं चुकलं, मी तिले आधीच समजावून सांगाले पाह्यजे होतं."

 नेमक्या त्याच वेळी जमीला चाची आत आली. डोक्यावर ओढणी, हातात पोह्यांनी भरलेला स्टीलचा डबा. काय झालं याचा तिला पत्ता नव्हता. तिला फक्त पाहुणीची नीट सोय पाहायची होती.

"सलाम मॅडम! अवं, तिकडच्या कोन्यात नोका बसू, तिथली स्प्रिंग टोचते. दोन सालापासून सांगून राह्यली आमच्या ह्याईले, पन आयकतात कुठं!"

मॅडमचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं त्यांना ठसका लागला. मग त्यांनी चष्मा काढला आणि त्या मोठ्यानं हसल्या. वडील हसले, त्यांच्यामागोमाग वंदनाही हसली, आणि काय झालं ते न कळताच चाचीपण हसायला लागली.

"वंदनाताई, बसा इथं," मॅडम सरकल्या. "टोचत नाही त्या बाजूला बसा. माझी आईपण अशीच होती. शाळेतले गुरुजी घरी येणार म्हटलं की शेजारचं घड्याळ आमच्या भिंतीवर यायचं. आता एक काम करा. ती तुमची सतरंजी आणा. सोफ्यावर माझे पाय टेकत नाहीत."

सतरंजी आली. सगळे खाली बसले. मॅडमनी अर्जावरचे प्रश्न बाजूला ठेवले आणि विचारलं, "नर्सिंगच का?"

प्रतीक्षानं या प्रश्नाचं उत्तर आठवडाभर पाठ केलं होतं, सेवेबद्दल आणि समाजाबद्दल. आता त्यातला एक शब्द आठवेना.

"चाचीले शुगर हाय," ती म्हणाली. "मी तिच्यासंगं सरकारी दवाखान्यात जातो. तिथल्या सिस्टरनं मले मशीन दाखवली, बीपी कसा पाहाचा ते शिकवलं. मी वहीत लिवून ठेवतो. कोन्या दिवशी किती, काय खाल्लं होतं. डॉक्टरनं एक डाव ती वही पाहून गोळी बदलली. मले वाटलं, हे काम मले येते. मंग गल्लीतले बाकीचे बी सांगाले लागले, माहाबी लिव. आता सात जनाईची वही हाय."

बोलता बोलता तिनं हात लांब केला, चाचीच्या हातातली शिऱ्याची बशी काढून घेतली आणि तिच्यापुढं पोह्यांची सरकवली. तिचं बोलणं थांबलं नाही, तिनं चाचीकडं पाहिलंसुद्धा नाही. चाची मात्र चिडली.

"पाहा मॅडम, पाहा! एक घास खाऊ देत नाही पोट्टी. ही बुलढान्याले गेली का मी पोटभर शिरा खाईन!"

"वही दाखव," मॅडम म्हणाल्या.

वही आली. मॅडमनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली, अर्ज पाहिला त्याहून जास्त वेळ. दोन ठिकाणी तारीख राहिली होती, ती त्यांनी बोट ठेवून दाखवली. मग अर्जावर काहीतरी लिहिलं, पोहे खाल्ले, शिरा पुन्हा मागून घेतला, आणि निघताना म्हणाल्या, "निर्णय मंडळ करतं, माझ्या एकटीच्या हातात नाही. आशा लावून ठेवा असंही म्हणणार नाही. पण कागदपत्रं तयार ठेव."

त्या गेल्यावर वंदना बराच वेळ उंबऱ्यात बसून होती. प्रतीक्षा तिच्याशेजारी जाऊन टेकली.

"रागावली का वं आई?"

"नाही," वंदना म्हणाली. "तू मले खोटी पाडशीन वाटलं होतं. पन तू मायं म्हननं बी सांगतलं." थोड्या वेळानं ती हसली. "मॅडमनं शिरा दोनदा घेतला. पाह्यलं नं?"

आठ दिवस गेले. नऊ गेले. प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा वंदनाचा धीर सुटत चालला होता आणि अविनाश पैसे थकवलेल्या एका गिऱ्हाइकाच्या घरी उगाच दोनदा चकरा मारून आले होते. दहाव्या दिवशी सकाळी फोन आला. पहिल्या वर्षाचं होस्टेल आणि मेस मंडळ भरणार होतं, पैसे थेट कॉलेजला जाणार होते. पुढच्या वर्षाचं निकाल पाहून ठरेल. प्रतीक्षा फोनवर फक्त "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर ती गल्लीतून धावत गेली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती. चाचीनं तिला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी पडता पडता वाचल्या.

बुलढाण्याला तिघं पहाटेच्या बसनं गेली. कॉलेजच्या खिडकीशी रांग होती. क्लार्कनं मूळ गुणपत्रिका पाहिली, टीसी पाहिली, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, फोटो, सगळं एकामागून एक. प्रतीक्षा श्वास रोखून उभी होती. कुठं ना कुठं अडणार याची तिला खात्री होती. क्लार्कनं शिक्का मारला, पावती फाडली.

"झालं. पुढचा!"

"झालं?" अविनाशनी विचारलं.

"झालं हो काका. आणखी काय पाहिजे?"

होस्टेलच्या खोलीत वंदनानं पलंग हलवून पाहिला, खिडकीची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला. अविनाशनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि रंगात पाणी जास्त घातलंय असं सांगितलं. साडेतीनच्या बसला दोघं निघाले. फाटकाशी वंदनानं लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मागं न पाहता चालू लागली. अविनाशनी मात्र वळणापर्यंत चारदा मागं पाहिलं.

प्रतीक्षा फाटकाशी उभी राहिली.  तेवढ्यात मागून कुणीतरी लोखंडी पेटी आदळली.

"फर्स्ट इयर का गं?" घामाघूम झालेली एक मुलगी विचारत होती. "मी समीक्षा. साखरखेर्ड्याची. सकाळपासून काही खाल्लं नाही बघ. मेस कुठंय, माहीत आहे का?"

"नाही," प्रतीक्षा म्हणाली. "पन मलेबी भूक लागली."

तिनं पेटीची एक कडी धरली, समीक्षानं दुसरी, आणि दोघी मेस शोधायला निघाल्या.