तेलाचा दाब आणि तोतारामची आण

झुलालआबांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. सूतगिरणीच्या चेअरमनची निवड दुपारी जळगावला होती. आबा आणि त्यांचा प्रतिस्पर्धी रतिलाल, दोघांच्या बाजूची मतं सारखी; संचालक तोताराम जिकडे हात वर करील तिकडे खुर्ची. म्हणून आबांनी तोतारामला मुंबईत लपवून ठेवलं होतं. रेल्वेत, रस्त्यात रतिलालची माणसं त्याला पळवतील, म्हणून एका कारखानदार स्नेह्याचं चिमुकलं विमानही मागून घेतलं आणि सकाळी त्याला घेऊन निघाले.

धुळ्याच्या जवळपास वैमानिक सुकदेव म्हणाला, "आबा, इंजिनातल्या तेलाचा दाब पडतोय. जळगावपर्यंत पोचणार नाही. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर उतरतो."

आबांच्या मनात पाल चुकचुकली. धुळे म्हणजे रतिलालची सासुरवाडी! आणि इंजिन तर छान घुमत होतं.

"रतिलालनी सांगं का तुले? जळगावलेच चाल!"

"हा काटा बघा. इंजिन तापलंय, कधीही जाम होईल."

"काटा बी तूच पाडा व्हई!"

सुकदेवने विमान वळवलं आणि उंची जपत धावपट्टीकडे निघाला. आबांनी त्याचा खांदा धरला, तेवढ्यात इंजिन खडखडलं आणि पुढच्या काचेवर काळं तेल उडालं. आबांचा हात आपोआप सुटला.

मागे तोतारामने कुलदेवीच्या नावाने हंबरडा फोडला. "कानबाई माय, माफ कर! आबा, तुमना घर कानबाईना नारयवर हात ठीसन मत देवानी आण लिधी, मंग रतिलालना घर बी लिधी. माय कोपनी!"

"मत कोनले देशी?" आबांनी विचारलं.

"रतिलालले," तो हुंदके देत म्हणाला.

इंजिनाचा पंखा थांबला. सुकदेवने विमान तसंच तरंगत नेलं आणि धावपट्टीवर टेकवलं. खाली उतरल्यावर आबांनी त्याला हात जोडले. त्यांना फार लाज वाटत होती.

फाट्यावर जीप मिळाली. निवडीला अजून वेळ होता. तोताराम मागे धावला. "आते मत तुमलेच, आबा! परत आण लेस!"

आबांना रडू आलं. याच माणसाला त्यांनी आपल्या ताटात जेवू घातलं होतं. तो आला नाही, तर मतं सारखी पडणार आणि चिठ्ठी टाकून निकाल लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी जीपचं दार आतून ओढून घेतलं.

"चिठ्ठी जी निंघी ती निंघी," ते ड्रायव्हरला म्हणाले. "तिनी आण तं नही लिधी ना. चाल."