पळालेला छर्रा

कस्टमच्या साहेबांनी स्टीलचा ट्रे टेबलावर ठेवला आणि मिस्त्रींच्या तोंडाकडे बघायचं टाळून चष्मा पुसायला घेतला.

मिस्त्री ट्रेवर वाकले. त्यांची बायको पिशवी छातीशी धरून मागे उभी होती, तीही वाकली.

"हा असाच आला?" मिस्त्रींनी विचारलं.

"पार्सल हलवलं की आत खुळखुळत होतं. मग उघडावं लागतं. नियमच आहे तसा."

नियम उघडून बघण्याचा होता. नट फिरवून आस ओढून काढा असं कोणत्याच नियमात नव्हतं. पण सव्वीस वर्षं परदेशी पार्सलं तपासलेल्या माणसाला आपल्याला सगळं उघडता येतं असं वाटू लागतं, आणि उघडता येतं म्हणजे लावताही येतं, असंही. साहेबांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. ट्रेमध्ये दातेरी चकत्या, केसासारख्या स्प्रिंगा, वंगणाने माखलेला कागद आणि बेअरिंगचे छर्रे असा सगळा पसारा पडला होता.

चार दिवसांपूर्वी तो सगळा मिळून एक हब होता. सायकलच्या मागच्या चाकात बसणारा, पोटात तीन गिअर असलेला. बनवणारा कारखाना कधीच बंद झाला होता. समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे हा एवढा एकच उरला होता आणि त्याने तो आपलं जुनं गिऱ्हाईक असलेल्या या सायकल-मिस्त्रींसाठी राखून ठेवला होता. ड्यूटी भरून झाली होती, पावती बाईंच्या पिशवीत होती. अडलं होतं ते कागदावर. कागद म्हणत होता, 'एक हब, जोडलेला.' माल कागदाशी जुळला नाही तर पार्सल परत, आणि मुदतीचा आज शेवटचा दिवस.

"इथेच जोडला तर चालेल?" मिस्त्रींनी विचारलं.

"जुळला तर आत्ता शिक्का मारतो."

साहेब हे बोलून गेले आणि मनातून चरकले. हब जुळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आस ओढली तेव्हा हबमधून वंगणाच्या कागदावर छर्रे ओघळले होते, आणि त्यातला एक टेबलावरून उडी मारून लोखंडी कपाटाखाली गेला होता. टिक, टिक, आणि मग काहीच नाही. पट्टी घालून, उदबत्तीएवढी टॉर्च लावून शोधला. सापडला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसे ते तेव्हापासून कपाटाकडे पाठ करून बसत.

मिस्त्रींनी एक स्प्रिंग चिमटीत धरली. ती निसटून ट्रेमध्ये पडली. दुसऱ्यांदाही पडली.

"सरका जरा," बाई म्हणाल्या.

"अगं, तुला..."

"चाळीस वर्षं रॉकेलमध्ये कोण धुतंय हे सगळं? सरका."

त्यांनी खुर्ची ओढली, दुखरा गुडघा हाताने उचलून सरळ केला आणि पदर खोचला. आधी सगळे तुकडे रुमालावर एका ओळीत मांडले. मग जोडायला घेतलं. कोणता तुकडा कोणाच्या आधी, हे त्या विचारत नव्हत्या, मिस्त्री सांगतही नव्हते. एखादीच चकती त्या उलटून बघत, बाकी सारं बोटांनीच ओळखत. रांगेतली माणसं कुरकुरायची थांबून जवळ सरकली. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने तोंडात बोट घालायचंच बाकी ठेवलं होतं.

साहेब थक्क होऊन बघत होते. इतकी वर्षं त्यांच्या हाताखालून जगभरच्या वस्तू गेल्या, पण वस्तूला अशी ओळखणारी बोटं त्यांनी पाहिली नव्हती.

"घाई कसली आहे एवढी?" त्यांनी मिस्त्रींना हळूच विचारलं. बोलल्याशिवाय राहवेना.

"हिची थोरली बहीण वर, चढावर राहते. अंथरुणाला खिळलीय. ही रोज सायकलने जायची. गुडघा गेला, तशी दोन महिन्यांत दोनदाच भेट झाली. हा हब बसला की चढाला पाय हलका पडेल." मिस्त्री हसले. "मी म्हटलं, मी नेतो मागे बसवून. तर म्हणते, मग दोघांना अंथरूण लागेल."

बाई आता छर्ऱ्यांवर आल्या होत्या. खोबणीत वंगण भरून एकेक छर्रा बसवत होत्या. साहेब मनात मोजत होते. वीस. एकवीस. आता सांगावं, की शेवटची जागा रिकामी दिसल्यावर सांगावं? तेवीस. चोवीस.

ट्रे रिकामा झाला होता. खोबण मात्र भरली होती. आणखी छर्रा मावायला जागाच नव्हती.

बाईंनी आस सरकवली, नट आवळला आणि हब उभा धरून बोटाने फिरवला. तो फिरतच राहिला. बारीक टिकटिक सगळ्या खोलीत ऐकू येत होती. रांगेतलं कोणीतरी वा म्हणालं. साहेबांचा जीव भांड्यात पडला, पण हे झालं कसं ते कळेना. त्यांनी शिक्का उचलला.

मिस्त्री मात्र वंगणाचा कागद उलगडून बघत होते. मग त्यांनी ट्रे तिरका केला.

"काय शोधताय?"

"काही नाही साहेब. तिकडचा म्हातारा दर वेळी एक छर्रा जास्त टाकतो. मीही टाकतो गिऱ्हाइकाला. कामात एखादा पळतोच ना हातून." त्यांनी कागदाची घडी घातली. "या वेळी विसरला. आजवर कधी विसरला नव्हता. थकला असेल आता."

बाईंचा चेहरा उतरला. न पाहिलेल्या माणसाच्या म्हातारपणाने त्या खरोखर हळहळल्या.

शिक्का साहेबांच्या हातात तसाच होता. गप्प राहणं सोपं होतं. काम झालं होतं, कागद जुळला होता.

"विसरले नाहीत ते," साहेब म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, रांगेलाही ऐकू गेला. "टाकला होता. माझ्या हातून पळाला. तिथे, कपाटाखाली."

मिस्त्रींनी कपाटाकडे पाहिलं. बाईंनी साहेबांकडे पाहिलं, आणि हब रुमालात गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या,

"मग बरोबरच आहे की. तुमच्यासाठीच होता तो."