पश्चिमेची भिंत

मारुती वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पत्र्यांना उष्णता अडवणारा फोम मारायचं काम करायचा. बहुतेक काम गोदामांचं. त्र्याण्णवच्या मार्चात पहिल्यांदाच त्याला कल्याणच्या पुढच्या एका गावात पोल्ट्रीवर पाठवलं.

पोल्ट्री गोदूबाईंची. नवरा गेल्यापासून एकट्याच बघायच्या. आदल्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी उकाड्याने त्यांच्या दोनशे कोंबड्या मेल्या होत्या. एवढं सांगून त्या कामाला लागल्या.

दोन दिवस कोंबड्या आंब्याखाली जाळीत ठेवल्या. मारुतीने शेडच्या छताला आतून फोम मारला आणि ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीलाही. फवारा पत्र्यावर बसला की फुगायचा आणि त्याचा पिवळट, टणक थर व्हायचा. तोंडाला मास्क असूनही संध्याकाळी त्याची छाती जड झाली. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

पंधरा दिवसांनी गोदूबाईंचा फोन आला. कोंबड्या भिंतीचा फोम टोचून काढत होत्या.

"फोम पडला असता तर आपण बघितलं असतं," शेठ म्हणाला. "कोंबड्यांचं आपण काय करणार?"

 पण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मारुती त्या गावी गेला. का जातोय, हे त्याला बायकोलाही नीट सांगता आलं नाही.

भिंत गुडघ्यापर्यंत उकरलेली होती.

"पोटात गेलं तर मरतील का हो?" गोदूबाईंनी विचारलं.

"खरं सांगू का बाई, मला माहीत नाही. गोदामात टोचणारं कोणी नसतं. मला आधी सुचायला हवं होतं."

घरामागे जुने पत्रे पडले होते. गोदूबाईंनी धरायचे, त्याने खिळे ठोकायचे, असं करत त्यांनी भिंत कंबरेइतकी झाकली. दर दोन पत्र्यांनंतर मारुतीला खाली बसावं लागत होतं.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. काम सोडा म्हणतो."

"मग?"

"मग काय."

त्यांनी ताक आणून दिलं. ते पिऊन तो उठला आणि उरलेले पत्रे ठोकले.

जूनमध्ये मारुतीने शेठकडून स्टोअरचं काम मागून घेतलं. दिवाळीआधी गोदूबाई कोर्टाच्या कामाला ठाण्यात आल्या, तेव्हा कंपनीत डोकावल्या. उन्हाळ्यात फक्त सात कोंबड्या गेल्या, असं त्यांनी सांगितलं.

"शेड चांगली झाली. पण मी आता कोंबड्या विकतेय. एकटीने होत नाही."

मारुतीला वाईट वाटेल अशी त्यांची समजूत असावी. त्याला तसं वाटलं नाही; त्यानेही फवारा सोडलाच होता. त्याने दुसरं स्टूल ओढलं, चहा मागवला. चहा संपला तरी दोघं बराच वेळ बसून राहिली.